कोणत्या पदार्थासोबत कोणती बिअर द्यावी: आधी तो पदार्थ कसा शिजला आहे ते पाहा

तुम्ही पाहुण्यांसाठी चार पदार्थांचे जेवण ठरवले आहे: आधी तळलेले मासे, मग भरपूर मिरची घातलेले चिकन, त्यानंतर निखाऱ्यावर भाजलेले मांस आणि शेवटी चॉकलेट केक. पिल्सनर (फिकट सोनेरी), गव्हाची बिअर, आयपीए (इंडिया पेल एल, खूप कडवट) आणि स्टाउट (काळी) या चार प्रकारच्या बाटल्या आणल्या आहेत आणि त्यांपैकी कोणती कशाबरोबर द्यावी, असे विचारले आहे. मागच्या वेळी तिखट पदार्थासोबत आयपीए दिली तेव्हा सगळ्यांची तोंडे पोळली, त्याचे कारणही तुम्हाला हवे आहे. थोडक्यात उत्तर असे की माशांबरोबर पिल्सनर, तिखट चिकनबरोबर गव्हाची बिअर, भाजलेल्या मांसाबरोबर आयपीए आणि केकबरोबर स्टाउट द्यावी. मात्र यातल्या शेवटच्या दोन जोड्यांना अटी आहेत, आणि त्या अटी समजल्या तर पुढच्या वेळी कोणाला विचारण्याची गरज उरणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक लोक पदार्थात मुख्य जिन्नस काय आहे ते पाहून पेय ठरवतात. मासे असतील तर हलके काहीतरी आणि लाल मांस असेल तर गडद काहीतरी, हा हिशेब वाइनवरून आलेला आहे आणि बिअरला तो नीट लागू पडत नाही. बिअरच्या बाबतीत पदार्थ कशाचा केला आहे यापेक्षा तो कसा शिजवला आहे आणि त्यावर आंबट, गोड किंवा तिखट असे काय पडले आहे, हे जास्त महत्त्वाचे ठरते. तोच कोंबडीचा तुकडा वाफवला तर त्याला फिकट, मऊ चवीची बिअर लागते, कढईत तळला तर चांगली कडवट आणि फसफसती बिअर लागते, आणि त्वचा तांबूस होईपर्यंत भट्टीत भाजला तर तांबूस माल्टची बिअर लागते.

याचे कारण बिअरच्या धान्यातच आहे. बार्ली भिजवून, तिला मोड आणून, मग गरम हवेत वाळवून माल्ट तयार होते. फिकट माल्ट साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला वाळवले जाते, म्युनिक पद्धतीचे तांबूस माल्ट १०० अंशांच्या थोडे वर नेले जाते, आणि स्टाउटमध्ये पडणारे काळे धान्य २०० अंशांच्या वर, जवळजवळ कॉफीसारखे भाजले जाते. धान्य तापते तेव्हा त्यातली साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात जी प्रक्रिया घडते, तिचे वर्णन लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. पावाचा कडा खरपूस होतो, कांदा परतताना तांबूस होतो आणि मांसाला वरून कडक साल येते, त्यामागेही मुख्यतः हीच प्रक्रिया असते. त्यामुळे तांबूस बिअर आणि तांबूस भाजलेला पदार्थ एकत्र आले की दोन्हींतले वास एकमेकांना ओळखतात. वाइनमध्ये द्राक्षे भाजलेली नसतात, म्हणून ही सोय तिच्याकडे नाही, आणि माझ्या मते जेवणाबरोबर बिअर देण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन. हलक्या पदार्थाबरोबर हलकी आणि भरीव पदार्थाबरोबर भरीव बिअर द्यावी, हा पहिला नियम. बाकी सगळे त्यानंतर. मात्र वजन रंगावरून ठरवू नका. नळाची गिनेस ही आयरिश स्टाउट काळीभोर दिसते, पण तिच्यात मद्यार्क सुमारे ४.२ टक्केच असतो आणि ती जिभेवर कोरडी व हलकी लागते. उलट बेल्जियममधल्या वेस्टमाले मठाची ट्रिपेल ही बिअर सोनेरी दिसते आणि तिच्यात ९.५ टक्के मद्यार्क असतो. रंग फक्त धान्य किती भाजले आहे ते सांगतो. वजन समजून घ्यायचे तर बाटलीवरचा मद्यार्काचा आकडा वाचावा आणि एक घोट घेऊन मागे किती गोडवा उरतो ते पाहावे.

तिसरी गोष्ट बुडबुड्यांची. साधारण लॅगरच्या (थंडीत आंबवलेल्या बिअरच्या) एका लिटरमध्ये सुमारे ५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरलेला असतो. तो तोंडात सुटतो तेव्हा जिभेला बारीक टोचणी बसते आणि तळणीचा तेलकट थर उठून निघाल्यासारखा वाटतो. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवट चव आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, कडवटपणाही हेच काम दुसऱ्या बाजूने करतो. मी कोणालाही चव घ्यायला शिकवतो तेव्हा आधी हा प्रयोग करायला सांगतो: बिअरचा एक घोट घ्या आणि चव लक्षात ठेवा; मग तळलेल्या पदार्थाचा घास चावा, आणि तो गिळण्याआधीच, घास तोंडात असताना, पुन्हा एक घोट घ्या. पहिल्या घोटात जो कडवटपणा पुढे होता तो दुसऱ्या घोटात मागे सरतो आणि धान्याचा गोडवा पुढे येतो, कारण पदार्थातले मीठ कडवट चवीला दाबते. जोडी जमली की नाही हे याच दुसऱ्या घोटात कळते. घास गिळून, तोंड पुसून, मग प्यायल्यास तुम्ही दोन चवी वेगवेगळ्या घेतलेल्या असतात.

आता तुमच्या पहिल्या पदार्थाकडे येतो. पिल्सनर हा प्रकार बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्सेन शहरात १८४२ मध्ये जन्मला. योसेफ ग्रोल या जर्मनीतल्या बव्हेरियाच्या ब्रूअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, तिथले अत्यंत मृदू पाणी, फिकट माल्ट, जवळच्याच झाटेक भागातले सुगंधी हॉप्स आणि थंडीत आंबवणारे लॅगर यीस्ट एकत्र आणले, आणि त्या काळच्या तपकिरी, गढूळ बिअरच्या जगात एक सोनेरी, पारदर्शक बिअर आली. आज जगभर प्यायली जाणारी बहुतेक फिकट लॅगर तिच्याच वंशातली आहे. लॅगरचे यीस्ट साधारण ७ ते १३ अंशांत आंबवते आणि नंतर बिअर गोठणबिंदूच्या आसपास काही आठवडे ठेवली जाते, म्हणून तिच्यात फळांचे वास जवळपास नसतात. जे उरते ते धान्य, हॉप्स आणि स्वच्छ शेवट. तळलेल्या माशाला नेमके हेच हवे असते. माशाची स्वतःची चव नाजूक असते, पण वरचे आवरण खारट आणि तेलकट असते. त्यामुळे चव झाकणार नाही आणि तेल कापेल, अशी बिअर लागते. चेक पिल्सनर थोडी भरीव आणि गोलसर असते, तर उत्तर जर्मनीतली पिल्स अधिक कोरडी आणि कडवट असते. आवरण जाड असेल तर जर्मन आणि पातळ असेल तर चेक, असे मी करतो. माशावर लिंबू पिळायचे असेल तर ते बेताने पिळा, कारण आंबट चव वाढली की पिल्सनरचा कडवटपणा उघडा पडतो.

तेलकट मासा, म्हणजे सामन किंवा बांगड्यासारखा, घेतला असेल तर मात्र जपावे. हॉप्सचा भरपूर कडवटपणा आणि माशाचे तेल एकत्र आले की तोंडात धातूसारखी चव रेंगाळते. तिथे पिल्सनरऐवजी हेलेस द्यावी. म्युनिकमध्ये १८९४ मध्ये पिल्सनरला उत्तर म्हणून बाजारात आलेली ही लॅगर दिसायला तशीच सोनेरी असते, पण तिच्यात कडवटपणा कमी आणि ताज्या पावासारखा गोडवा जास्त असतो. वाफवलेले मासे, ताजे मऊ चीज, साधे उकडलेले बटाटे अशा मोकळ्या चवींना ती फार चांगली साथ देते. तांदूळ किंवा मका मिसळून केलेल्या हलक्या लॅगरबद्दल लोक उगाच नाक मुरडतात; खारट तळणीसोबत ती थंडगार दिली तर तिचे काम ती चोख करते, फक्त भाजलेल्या मांसापुढे ती पाण्यासारखी लागते.

तिखटाचा प्रश्न तुम्ही मुद्दाम विचारला आहे आणि तिथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. तिखटाबरोबर आयपीए द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. ठसकेबाज पदार्थाला ठसकेबाज बिअर, हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात तोंडात वेगळेच घडते. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदकांना जागे करते, ते मुळात उष्णतेचा इशारा देण्यासाठी असतात आणि साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेले की चेततात. मिरची त्यांना नेहमीच्या तापमानातच फसवते, म्हणून आपल्याला पोळल्यासारखे वाटते. मद्यार्कामुळे हेच संवेदक आणखी हळवे होतात. म्हणजे बिअर जितकी कडक, तितकी मिरची जास्त झोंबते. त्यात बुडबुड्यांची टोचणी पडते, आणि आयपीएमध्ये कडवटपणाही भरपूर असतो. कडवटपणा मोजण्याचे एकक आयबीयू आहे. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये तो ८ ते १५, पिल्सनरमध्ये २५ ते ४५ आणि अमेरिकी पद्धतीच्या आयपीएमध्ये ४० ते ७० असतो. पोळलेल्या जिभेवर हा कडवटपणा खरखरीत लागतो आणि लवकर जात नाही. तुमच्या पाहुण्यांचे तेच झाले. कॅप्सेसिन मद्यार्कात विरघळते, मग बिअरने ते धुऊन का जात नाही, असेही कोणी विचारेल. त्याला ५ किंवा ६ टक्के मद्यार्क पुरत नाही. तेवढ्याने तिखट धुतले जात नाही, उलट पसरते.

ज्यांना तिखटाची आच मुद्दाम वाढवायची असते त्यांनी खुशाल आयपीए घ्यावी, त्यात चूक काही नाही. पण तिखट आटोक्यात ठेवून पदार्थाची बाकीची चव कळू द्यायची असेल तर कमी कडवट, थोडी गोडसर आणि ५ टक्क्यांच्या आसपासची बिअर हवी. गव्हाची बिअर इथे बसते. बव्हेरियातल्या हेफेवाइझेन या गव्हाच्या बिअरमध्ये निम्मे किंवा त्याहून जास्त धान्य गव्हाचे असते, त्यामुळे तिला दाट फेस आणि मऊ पोत येतो. तिचे खास यीस्ट आंबवताना पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार करते. यातले काहीही वरून घातलेले नसते. लवंगेचा तो वास मसालेदार पदार्थात सहज मिसळतो आणि केळ्याचा गोडसर वास तिखटाला मवाळ करतो. बेल्जियमची विटबिअर हा याचाच वेगळा मार्ग आहे: तिच्यात मोड न आणलेला गहू असतो, धणे आणि संत्र्याची वाळलेली साल घातलेली असते. हा प्रकार नामशेष झाल्यात जमा होता; पियर सेलिस याने १९६०च्या दशकात होगार्डन गावात तो पुन्हा सुरू केला. तुमच्या चिकनमध्ये दालचिनी, लवंग असे उष्ण मसाले असतील तर हेफेवाइझेन द्या. लिंबू, आले, कोथिंबीर असा ताजा रोख असेल तर विटबिअर द्या. शिंपले, कोशिंबिरी आणि अंड्याचे पदार्थ यांनाही विटबिअर फार शोभते. अंड्याबरोबर काय द्यावे हा एरवी अवघड प्रश्न आहे, कारण पिवळा बलक जिभेवर थर धरतो. गव्हाच्या बिअरचे दाट बुडबुडे तो सहज उचलतात.

आयपीएला यामुळे कमी लेखू नये. तिचे स्थान चरबीपाशी आहे. कडवटपणाला समोर चरबी आणि मीठ मिळाले की तो धारदार न राहता नेटका होतो, आणि हॉप्समधले संत्रे, ग्रेपफ्रूट, पाइनचे वास मोकळे होतात. अमेरिकेत १९७२ मध्ये कॅस्केड ही हॉप्सची जात लागवडीसाठी आली आणि १९८० मध्ये सिएरा नेवाडा या बिअर कंपनीने तिच्याच जोरावर आपली पेल एल काढली (एल म्हणजे लॅगरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेली बिअर). आज आयपीए म्हणून जो सुगंध लोक ओळखतात त्याचे मूळ तिथे आहे. जुन्या इंग्लिश आयपीएचे घर मात्र इंग्लंडमधले बर्टन-अपॉन-ट्रेंट हे गाव. तिथल्या पाण्यात जिप्सम हे खनिज भरपूर असल्यामुळे हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि स्वच्छ लागतो, आणि ती बिअर मुरलेल्या चेडर चीजबरोबर आजही अप्रतिम लागते. तुमच्या भाजलेल्या मांसाबरोबर आयपीए सुचवली त्याची अट आता सांगतो: मांस चरबीयुक्त असावे, त्यावर मीठ, मिरी, रोझमेरीसारखी सुकी वनस्पती एवढेच असावे. मेंढीच्या मांसाचा उग्र वास आणि हॉप्सचा राळेसारखा वास यांचे चांगले जमते. पण मांसावर साखर किंवा मध घातलेला गोड लेप असेल तर आयपीए त्याच्यापुढे कडू आणि उघडी पडते.

गोड लेपाच्या मांसाला खरी जोड तांबूस लॅगरची आहे, आणि तुमच्या बाटल्यांमध्ये ती नाही याचे मला वाईट वाटते, कारण जेवणासाठी एकच प्रकार ठेवायचा झाला तर मी तीच ठेवेन. अँटोन ड्रेहर याने १८४१ मध्ये व्हिएन्नाजवळ तांबूस लॅगर काढली आणि त्याच वर्षी म्युनिकमध्ये गॅब्रिएल सेडलमायर याने मेर्झेन आणली. दोन्हींत माल्ट पावाच्या कड्यासारखे लागते, पण शेवट कोरडा असतो, त्यामुळे ती पोटभर जेवणातही जड होत नाही. तिची ताकद पाहायची असेल तर एक कांदा घ्या. कच्च्या कांद्याची चकती आणि मेर्झेन एकत्र घेतली तर कांद्याचा झणका बिअरला पार झाकून टाकतो. तोच कांदा मंद आचेवर थोड्या लोण्यात, मधाच्या रंगापर्यंत, पाऊण तास परता आणि पुन्हा घोट घ्या. कांदा कुठे संपतो आणि बिअर कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. जिन्नस तोच, बिअरही तीच. बदलली ती फक्त शिजवण्याची रीत. भाजलेली कोंबडी, पिझ्झा, भट्टीतल्या मुळांच्या भाज्या, परतलेली अळंबी या सगळ्यांना हीच बिअर चालते. यापेक्षा भरीव काही हवे असेल तर डॉपेलबॉक आहे: ७ टक्क्यांच्या पुढची, सुक्या मेव्याची आणि कॅरमेलची चव असलेली, तासन्‌तास शिजलेल्या डुकराच्या किंवा बदकाच्या मांसासाठी.

धुरावर केलेल्या मांसासाठी जर्मनीतल्या बामबर्गची राउखबिअर आहे. तिचे माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेले असते. चव तीव्र असते, म्हणून ती एकाच पदार्थासोबत द्यावी आणि तिच्यानंतर नाजूक काही देऊ नये.

आंबट बिअरकडे लोक कमी वळतात, पण स्वयंपाकात जिथे लिंबू किंवा व्हिनेगर वापरले जाते तिथे ती वापरता येते, एवढे लक्षात ठेवले की तिची भीती जाते. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या आसपासच्या सेन खोऱ्यात लॅम्बिक ही आंबट बिअर बनते. तिच्यात यीस्ट घालत नाहीत. धान्याचा उकळलेला गरम रस उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवत ठेवतात आणि हवेतले जंगली यीस्ट व जिवाणू त्यात उतरतात. मग लाकडी पिंपांत एक, दोन आणि तीन वर्षे मुरलेल्या लॅम्बिक एकत्र करून गझ ही बिअर बनते. ती शिंपल्यांबरोबर, बकरीच्या दुधाच्या चीजबरोबर आणि लोणी जास्त असलेल्या पदार्थाबरोबर दिली की पदार्थ हलका झाल्यासारखा वाटतो. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातली लाल एल, उदाहरणार्थ रोडेनबाख, ओकच्या प्रचंड पिंपांत मुरते आणि तिच्या आंबटपणात व्हिनेगरची छटा असते. तिला गोडसर गोमांस किंवा भाजलेले बीट मानवते. आंबट चेरी घालून केलेली क्रीक बदकाच्या मांसासाठी उत्तम. आंबट बिअर तिखटाबरोबर मात्र देऊ नये, पोळलेल्या जिभेला आम्ल सोसत नाही.

बेल्जियमच्या उरलेल्या प्रकारांत सेझों मला सर्वांत उपयोगी वाटते. एनो प्रांतातल्या शेतांवरची ही बिअर अगदी कोरडी, मिरीसारख्या वासाची आणि शँपेनइतकी फसफसती असते. जेवणात नेमके काय येणार आहे हे ठाऊक नसेल, किंवा टेबलावर एकाच वेळी दहा पदार्थ असतील, तर मी सेझों उघडतो. क्वचितच कशाशी तिचे वाकडे होते. ट्रिपेल मलईदार सॉस, शतावरी (अ‍ॅस्परॅगस) आणि भाजलेली कोंबडी यांच्याबरोबर द्यावी. गडद डुबेलमध्ये मनुका आणि गडद साखरेची चव असते. तिच्यातच गोमांस आणि कांदा तासन्‌तास शिजवण्याची फ्लँडर्सची रीत प्रसिद्ध आहे. बिअर पदार्थात घालायची असेल तर एक पथ्य पाळा: आयपीए आटवू नका. पाणी उडून जाते, कडवटपणा तसाच उरतो, आणि सगळा सॉस कडू होतो.

शेवटी केक आणि स्टाउट. लंडनमध्ये अठराव्या शतकात पोर्टर ही गडद बिअर लोकप्रिय झाली आणि तिच्याच अधिक जोरदार रूपाला स्टाउट हे नाव पडले. आजचा काळा रंग आणि कॉफीसारखी चव यायला १८१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात धान्य भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि मूठभर काळ्या धान्याने सगळी बिअर रंगवता येऊ लागली. भाजलेल्या कोकोच्या बिया आणि भाजलेली बार्ली यांचे वास जवळचे असल्यामुळे चॉकलेट आणि स्टाउट ही जोडी सहज सुचते, आणि इथेच पुष्कळदा घोळ होतो. गोड पदार्थाचा नियम कडक आहे: पेय पदार्थापेक्षा कमी गोड असता कामा नये. कोरडी आयरिश स्टाउट गोड केकनंतर प्यायल्यास आंबूस, पातळ आणि जळकी लागते, केकही मेणचट लागतो. म्हणून बाटलीवरचा मद्यार्काचा आकडा आणि प्रकाराचे नाव पाहा. इंपीरियल स्टाउट असेल, म्हणजे ८ ते १२ टक्क्यांची, तर तिच्यात गोडवा आणि भरीवपणा दोन्ही असतात आणि केकबरोबर ती निःशंक द्या. मिल्क स्टाउट असेल तरी चालेल; तिच्यात घातलेली दुधाची साखर यीस्टला आंबवता येत नाही, त्यामुळे ती बिअरमध्ये तशीच राहते. तुमच्याकडची बाटली ४ ते ५ टक्क्यांची कोरडी स्टाउट असेल तर ती केकसाठी ठेवू नका. ती निखाऱ्यावरच्या मांसाबरोबर द्या. मांसाच्या करपलेल्या कडा आणि काळी बार्ली यांची चव एकाच जातीची असते, आणि मांसावर गोड लेप असेल तर आयपीएपेक्षा ती कितीतरी बरी. मग केकसाठी दुसरी बाटली आणावी, किंवा केक ७० टक्क्यांच्या गडद चॉकलेटचा, बेताच्या साखरेचा करावा. कोरड्या स्टाउटची खरी जुनी सोबत कच्च्या कालवांशी आहे: त्यांचा खारटपणा स्टाउटचा कडवटपणा दाबतो आणि एरवी जाणवत नाही असा गोडवा वर आणतो.

चीज ठेवणार असाल तर केकच्या आधी ठेवा. निळ्या बुरशीच्या चीजबरोबर इंपीरियल स्टाउट किंवा बार्लीवाइन (नाव वाइनचे असले तरी ही कडक, भरीव एलच) द्यावी. त्याच्या उग्र खारटपणापुढे दुसरे काही टिकत नाही.

वाढण्याबद्दल दोन गोष्टी पाळाव्यात, कारण बाटली योग्य निवडूनही इथे चव जाते. सगळ्या बाटल्या एकाच थंडीत देऊ नका. पिल्सनर ४ ते ७ अंशांना, गव्हाची बिअर त्याहून किंचित वर, आयपीए ८ ते १० ला आणि इंपीरियल स्टाउट १२ ते १४ अंशांना चांगली लागते. फ्रिजच्या थंडीत स्टाउटमधले चॉकलेट कळतच नाही आणि फक्त जळकी चव उरते. म्हणून मांस ताटात वाढताना केकसाठीची स्टाउट फ्रिजमधून बाहेर काढून ठेवा. दुसरे, ग्लास. त्यावर साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला असेल तर फेस धरत नाही, आणि हॉप्सचा सुगंध त्या फेसातूनच नाकापर्यंत येतो. ग्लास स्वच्छ पाण्याने खळखळून, पालथे घालून वाळवा. पुसायला स्वयंपाकघरातले फडके वापरू नका. चार प्रकार चाखायचे असल्याने प्रत्येकाचे १५० मिलिलिटर पुरे, इंपीरियल स्टाउट तर १०० च्या वर नकोच. हेफेवाइझेनच्या बाटलीच्या तळाशी यीस्ट बसलेले असते. दोन तृतीयांश बिअर हळू ओतून झाली की बाटली हलकेच गोल फिरवा आणि ते यीस्टही ग्लासात येऊ द्या, लवंगेचा वास आणि मऊपणा त्यातच जास्त असतो.

बाटल्या तोवर अंधारात ठेवा. उजेडाने हॉप्समधले घटक फुटून उग्र, नकोसा वास तयार होतो. तपकिरी काच त्यापासून बरेच वाचवते, हिरवी आणि पारदर्शक काच फारसे वाचवत नाही. आयपीएच्या बाटलीवर भरल्याची तारीख असेल तर तीही पाहून घ्या. तीन-चार महिने उलटले असतील तर तिचा सुगंध बराच ओसरलेला असतो आणि कडवटपणा तेवढा मागे उरतो. तशी असेल तर मांसाबरोबर ती न देता पिल्सनरच्याच आणखी दोन बाटल्या थंड करून ठेवा.